पावसाळ्याआधी घराच्या छपराची तपासणी: गच्ची, पत्रा आणि कौले कशी पाहावीत

पुण्यात मोसमी पाऊस साधारणपणे १० जूनच्या सुमारास येतो, पण छपराच्या तपासणीचा हिशेब त्या तारखेवरून मांडू नये. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच शहरात दाखल झाला, आणि ज्यांनी गच्चीचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवले होते त्यांना पावसाने कामाआधीच गाठले. शिवाय छपराची पहिली परीक्षा मोसमी पाऊस घेत नाही, वळीव घेतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि पाऊस पडण्याआधीच वाऱ्याने पत्रे खडखडू लागतात. म्हणून तपासणी एप्रिल संपेपर्यंत आणि दुरुस्ती १५ मेपर्यंत उरकावी, असे मी आग्रहाने सांगतो. गवंडी आणि वॉटरप्रूफिंगचे कारागीर मेच्या उत्तरार्धात मिळत नाहीत हे त्याचे एक कारण आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की भेगा भरणे असो वा लेप देणे असो, प्रत्येक कामाला खोलवर सुकलेला पृष्ठभाग लागतो आणि नंतर ते काम पक्के व्हायला काही कोरडे दिवस लागतात.

पेठांमधल्या वाड्यांत वैशाखात शाकारणी होत असे. कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवली जात आणि त्या निमित्ताने वासे, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या), आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) सगळे डोळ्यांखालून जाई. स्लॅबची घरे आली आणि ही वार्षिक सवय मोडली, कारण स्लॅबला काही करावे लागत नाही असा समज रूढ झाला. तो समज चुकीचा आहे. स्लॅबलाही शाकारणी लागते. फक्त तिचे स्वरूप वेगळे असते.

आधी घरातून पाहावे

तपासणीची सुरुवात गच्चीवरून न करता सर्वांत वरच्या मजल्यावरील खोल्यांमधून करावी. खोलीत अंधार करून टॉर्च छताच्या जवळ आडवी धरली, की एरवी न दिसणारे फुगवटे, पोपडे आणि बारीक भेगा त्यांच्या सावल्यांमुळे स्पष्ट दिसतात. माळा, कपाटांच्या मागची भिंत, खिडकीवरच्या छज्ज्याचा सांधा आणि जिन्याच्या खोलीचे छत या जागा हमखास राहून जातात, म्हणून त्या आवर्जून पाहाव्यात. जिथे डाग असेल तिथे त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी आणि छायाचित्र काढून ठेवावे. पुढच्या वर्षी तो डाग रेघेबाहेर गेला आहे की नाही, हे पाहिल्यावर बरेच वाद आपोआप मिटतात.

डाग कसला आहे हे वाचता यायला हवे. पिवळसर-तपकिरी कड्यांचा कोरडा डाग मागच्या पावसाळ्याची खूण असतो, आणि एकात एक अनेक कडी असतील तर पाणी अनेकदा येऊन सुकले आहे. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, असेल तर पाणी काँक्रीटमधून किंवा विटांमधून झिरपताना क्षार घेऊन आले आहे. सरळ, समांतर रेषेत भेगा आणि त्यांच्या कडेला गंजाचा रंग दिसत असेल, तर आतल्या सळया गंजू लागल्या आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि त्या दाबाने सळईखालचे काँक्रीट सुटते. अशा जागी लाकडी दांड्याने हलकेच ठोकावे. भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, तर तिथे नुसते प्लास्टर करून रंग देणे म्हणजे रोग झाकणे होय. तिथे संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

एक खूण मात्र कधीही नजरेआड करू नये. एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस नसताना, छत ओले असेल तर तो दोष पावसाचा नाही. पाण्याची टाकी, तिच्या नळजोडण्या, सौर बंबाची वाहिनी किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर यांपैकी काहीतरी गळत आहे, आणि गच्चीवर कितीही खर्च केला तरी ती ओल जाणार नाही. शंका असेल तर डागावर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल छतातून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे.

गच्ची

गच्चीवर जायला सकाळची वेळ बरी. आधी पूर्ण गच्ची झाडून घ्यावी, कारण पालापाचोळा, जुन्या कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या यांच्याखालीच बहुतेक दोष दडलेले असतात. तपासणीत एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी: गच्ची मधोमध क्वचित गळते. ती कडेला, कोपऱ्यात आणि सांध्यात गळते, म्हणजे जिथे दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना भेटतात तिथे. त्यातही पाणी जिथून आत शिरते तिथेच खाली उतरते असे नाही. ते कोब्यातल्या (स्लॅबवर उतारासाठी घातलेल्या थरातल्या) विटांच्या तुकड्यांमधून वाट काढत दूरवर जाते आणि स्लॅबमधली एखादी भेग सापडली की तिथून खाली येते. त्यामुळे डागाच्या बरोबर वरची जागा खणायला लावणाऱ्या कारागिराला आधी कारण विचारावे.

कठड्याची भिंत आणि गच्चीचा तळ जिथे मिळतात, तिथे कोन बुजवून केलेला जो गोलसर उतार असतो त्याला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. हा वाटा चारही बाजूंनी चालत, वाकून, हात फिरवून पाहावा. चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात दिवसभर तापलेली गच्ची वळवाच्या एका सरीने झपाट्याने थंड होते, आणि या आकुंचन-प्रसरणाचा ताण भिंतीच्या सांध्यावर येतो. म्हणून केसासारखी भेग सर्वांत आधी इथेच उमटते. तिच्यात जुन्या पोस्टकार्डाची कड जात असेल, तर ती पावसाआधी भरायलाच हवी. ती वरवर सिमेंट फासून भरत नाहीत: इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात खाच करून, धूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून मग त्यावर लेप देतात. कठड्याचा माथाही पाहावा. त्याला आतल्या बाजूला, म्हणजे गच्चीकडे, थोडा उतार असावा. माथा सपाट किंवा तडकलेला असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून उतरते आणि खालच्या मजल्याची बाहेरची भिंत ओली होते.

त्यानंतर गच्चीला छेद देणारी प्रत्येक वस्तू पाहावी: सौर बंबाच्या आणि सौर पॅनेलच्या स्टँडचे पाय, डिश अँटेनाचे बोल्ट, केबलसाठी पाडलेली भोके, टाकीखालचे विटांचे चौथरे. आमच्या इमारतीत वर्षभर छळणारी गळती अखेर कुणीतरी बसवलेल्या आणि पुढे काढून नेलेल्या अँटेनाच्या चार भोकांतून निघाली. ती सापडण्याआधी एका कंत्राटदाराने सगळ्या गच्चीवर लेप मारून घेतला होता, आणि तोही आदल्या रात्री वळीव पडून कोबा ओला असताना. आतली ओल उन्हाने वाफ होऊन वर आली, लेप फुग्यासारखा सुटला आणि पैसे पाण्यात गेले. तेव्हापासून मी ‘लेप कोणता’ याआधी ‘कोबा कोरडा आहे का’ हे विचारतो.

कोबा किंवा चायना मोझॅक (लाद्यांचे तुकडे बसवून केलेली फरशी) यांची परीक्षा ठोकून करावी. लाकडी दांडा घेऊन हातभर अंतरावर ठोकत जावे आणि जिथे आवाज पोकळ येईल तिथे खडूने खूण करावी. एखाद-दुसरी जागा असेल तर तेवढीच काढून पुन्हा करता येते, पण निम्म्याहून अधिक गच्ची पोकळ वाजत असेल तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. लाद्यांच्या सांध्यांत हिरवे-काळे शेवाळ असेल तर तिथे पाणी साचते हे नक्की. भेगांतून पिंपळ, वड किंवा उंबराची रोपे उगवली असतील तर ती नुसती उपटू नयेत. मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते. सांधा मोकळा करून मूळ शक्य तेवढे काढावे आणि मगच भेग भरावी.

आता पाण्याच्या वाटेकडे यावे. कोब्याला दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर उतार असायला हवा आणि तो पावसाळी पाइपाच्या तोंडाकडे जायला हवा. दोन-चार बादल्या पाणी निरनिराळ्या ठिकाणी ओतून ते कुठे जाते आणि कुठे थांबते ते पाहावे, थांबलेल्या डबक्यांच्या कडेने खडूची रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी उरले आहे का ते बघावे. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एकेक बादली ओतून खाली पाणी कसे बाहेर पडते तेही पाहावे. वर ओतलेले खाली रखडत आले, तर पाइपात पाने, सिमेंट किंवा पक्ष्याचे घरटे अडकलेले आहे. तोंडावरची जाळी बहुतेक ठिकाणी तुटलेली किंवा काढून टाकलेली असते. ती घुमटाच्या आकाराची असेल तर उत्तम, कारण सपाट जाळीवर चार पाने बसली तरी वाट बंद होते.

हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी त्या दोन-तीन तोंडांतून जायला हवे. ती तुंबली आणि कठड्याच्या आत वीतभरही नव्हे, केवळ १५ सेंटिमीटर पाणी साचले, तरी स्लॅबवर १५ टन भार येतो, म्हणजे चौरस मीटरला १५० किलो. वावराच्या गच्चीसाठी अभियंते संकल्पनात जो चलभार (माणसे, सामान यांचा बदलता भार) धरतात तो साधारण एवढाच असतो. जुन्या, सळया गंजलेल्या स्लॅबला हा भार परवडत नाही. याच कारणाने, गच्चीत पाणी कोंडून गळती पाहण्याची जी पद्धत आहे, ती नव्या कामासाठी योग्य असली तरी जुन्या किंवा खालून पोपडे सुटलेल्या स्लॅबवर अभियंत्याला विचारल्याशिवाय वापरू नये. तिथे नळीने पाणी सोडावे: आधी सर्वांत खालच्या भागावर, वीस मिनिटे एकाच ठिकाणी, मग हळूहळू वर सरकत, आणि दुसऱ्या माणसाने खोलीत छताकडे पाहत उभे राहावे. वरून सुरुवात केली तर पाणी वाहत सगळ्या सांध्यांवरून जाते आणि दोषी कोण ते कळतच नाही.

प्लास्टिकच्या टाक्यांबद्दल एवढेच, की रिकामी टाकी वादळात उडते आणि भरलेली उडत नाही. वापरात नसलेल्या टाक्या खाली उतरवाव्यात, आणि कठड्यावर ठेवलेल्या कुंड्याही.

पत्रा

पत्र्याच्या छपराचा खरा शत्रू पाऊस नसून वारा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि घाट चढून आल्यावरही त्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत असंख्य घरांची छपरे उडवली. वारा छपरावरून वेगाने जाताना पत्र्याला वर ओढतो, आणि उघड्या दारा-खिडक्यांतून किंवा वळचणीखालून आत शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. इमारतींच्या संकल्पनासाठीच्या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो वजनाइतका होतो. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पत्रा स्वतः १५ किलोसुद्धा भरत नाही, आणि त्याला उचलणारे बळ पावणेतीनशे किलोच्या घरात जाऊ शकते. कोपऱ्यांवर आणि वळचणीला याहूनही अधिक. पत्र्यावर दगड, विटा किंवा जुने टायर ठेवून भागत नाही ते यामुळेच, आणि वादळात तेच दगड खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडतात. ते उतरवावेत आणि पत्रा सांगाड्याला नीट जखडावा.

म्हणून तपासणी कोपऱ्यांपासून सुरू करावी. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींतला प्रत्येक स्क्रू किंवा जे-हुक (इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा वाकवलेला बोल्ट) हाताने हलवून पाहावा. डोक्याखालचा रबरी किंवा डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकला असेल तर तो बदलावा. भोकाभोवती गंजाचे कडे असेल तर नुसता वॉशर पुरत नाही, कारण कुजलेला पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून फाटून निघतो. अशा ठिकाणी मोठ्या चकतीचा वॉशर वापरावा किंवा पत्राच बदलावा. वरचा पत्रा खालच्यावर किमान १५ सेंटिमीटर चढलेला असावा. पत्रा ज्या लोखंडी पाइपांवर बसतो त्यांचे वेल्डिंग आणि ते भिंतीत जिथे रोवलेले आहेत ती जागाही पाहावी. स्क्रू सगळे घट्ट असूनही अख्खा सांगाडा पत्र्यांसह उडाल्याची उदाहरणे पाहायला मिळतात.

जुने सिमेंटचे पत्रे हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्यांना घासू नये, कोरडे कापू नये, भोके पाडू नयेत, कारण त्यातून उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात. वयाबरोबर ते ठिसूळही होतात, त्यामुळे त्यांच्यावर पाय देऊ नये. चढणे अटळच असेल तर खालच्या आडव्या पाइपांच्या रेषेत फळ्या टाकून, फळीवरूनच जावे.

कौले

कौलांवर स्वतः चढू नये, ते काम कसबी माणसाचे आहे. घरमालकाने मात्र खालून दोन गोष्टी कराव्यात. भर दुपारी माळ्यावर दिवा बंद करून उभे राहावे; जिथून उजेडाचे कवडसे येतात तिथून पाणीही येणार. आणि रस्त्यापलीकडे जाऊन आढ्याची रेषा पाहावी. ती सरळ असेल तर ठीक, मधे झोळ आला असेल तर दोष कौलांत नसून लाकडात आहे. वाशांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर कौले बदलण्याआधी वाळवीचा आणि वाशांचा विचार करावा. बोक्यांच्या धावपळीने सरकलेली कौले, दोन पाख्यांच्या मधली पन्हळ आणि आढ्यावरच्या टोपीसारख्या कौलांखालचा चुन्याचा किंवा सिमेंटचा मसाला, एवढे कारागिराकडून आवर्जून पाहून घ्यावे.

चढण्याआधी

शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका दूर असावा, म्हणजे ४ मीटर उंचीला १ मीटर, आणि शिडी वरच्या कडेच्या हातभर वर जावी. खाली दुसरा माणूस शिडी धरून उभा असावा. पेठांतल्या गल्ल्यांत विजेच्या तारा छपराला लागून गेलेल्या असतात; तिथे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नेऊ नये. ढगांचा गडगडाट ऐकू आला की काम अर्धवट टाकून उतरावे, मग डोक्यावर ऊन का असेना.

छपरावर झुकलेल्या फांद्या स्वतः तोडू नयेत. शहरात त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्यावा. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याचा मोह अनेकांना होतो. तिलाही परवानगी लागते, आणि ती वाऱ्याला तोंड देईल अशी नसेल तर तिने एका संकटाऐवजी दुसरे पदरी येते.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते; तो वरच्या मजल्यावरील कुटुंबाचा खासगी प्रश्न नाही. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितलेले आहे. डागांची तारखेसह छायाचित्रे जोडून समितीला मार्चमध्ये लेखी पत्र दिले, तर दरपत्रके मागवून मेच्या आत काम होऊ शकते. दरपत्रकात एकूण रकमेबरोबर कोणत्या जागेवर कोणता पदार्थ, किती थर आणि दोन थरांत किती तासांचे अंतर, हे लिहून घ्यावे, आणि कामाच्या दिवशी डब्यावरच्या सूचना स्वतः वाचून ताडून पाहाव्यात.

दुरुस्ती झाली तरी एक काम उरते. पहिला दमदार पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन गच्चीच्या दारात पंधरा मिनिटे उभे राहावे, पाणी कुठे रेंगाळते आणि कोणत्या तोंडाशी भोवरा धरते ते पाहावे, आणि मग टॉर्च घेऊन खाली त्या पेन्सिलीच्या रेघांपाशी जावे. रेघेबाहेर ओल दिसली तर तिच्या कडेने नवी रेघ ओढून तारीख आणि पाऊस सुरू झाल्याची वेळ लिहावी. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ओल उमटली, यावरून पाणी किती दूरवरून येत आहे याचा अंदाज कारागिराला बांधता येतो.